अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आतलं दूध

मस्तगड, जालना
९ सप्टेंबर २०२५

भार्गवीताई,

उत्तम क्षमा.

पाकिटावरचं अक्षर वळखून फाडायला निघाली असशील तर थांब. दहा ओळी वाच, मंग फाड. पर्युषण संपलं की आमच्यात क्षमावाणी असते, तुला म्हाईतच आहे. सालभरात ज्याला ज्याला तरास दिला त्याची माफी मागायची. बाकीच्यांचं एका मेसेजमधी भागतं. माझ्यासाठी पप्पांनी यादी केली. बावन्न नावं निघाली. त्यात एक पोस्टमन आहे, दोन मास्तर आहेत आणि एक अख्खी बँड पार्टी आहे. तुझं नाव त्यांनी टाकलं नव्हतं, ते मी स्वतः सगळ्यात वर टाकलं.

जुलैमधी मी जे केलं ते खराब केलं. "वामन आबा बाथरूममधी पडले, जल्दी ये" असा मेसेज टाकला, तू नागपूरहून बस धरून आलीस, आणि तुझे आबा आमच्या वरच्या मजल्यावर, गॅलरीत बसून पोहे खाऊन राह्यल्ते. त्यांचा पंच्याहत्तरावा होता आणि तू सुट्टी न्हाई म्हणल्ती. मला वाटलं असं केलं की येशील. आलीस. रडत आलीस, ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

तू ब्लॉक केलंस ते बराबर केलंस. पप्पांनी माझा मोबाईल कपाटात टाकला आणि बटनांचा डबडा दिला. म्हणून पत्र. याच्या आधीचं पत्र मी सातवीच्या पेपरात मामाला लिहिल्तं, दहापैकी तीन मार्क पडले.

आता कामाचं. बडे पापा आजारी आहेत. म्हणायला पप्पांचे थोरले भाऊ, पण घरात त्यांची पोस्ट सगळ्यांच्या वर. त्या माणसाला मी साधं शिंकताना पाहिलं नव्हतं. आता जुलैपासून कंबर धरून बसतात. संध्याकाळी ताप भरतो, रात्री एवढा घाम की बनियन पिळून काढावं लागतं, सकाळी पुन्हा ठीक. अकरा किलो उतरले. आमच्या दोरखंडाच्या दुकानात सुतळी मोजायच्या काट्यावर मीच उभं केल्तं. चाळीस सालात पहिल्यांदा पर्युषणात त्यांना एक वेळ जेवून राहायचं जमलं न्हाई.

संभाजीनगरला मशीनमधी घातलं. मणक्यात डाग निघाले. मोठे लोक दाराआड बोलून राह्यले. नाव कोणी घेत न्हाई, नुसतं "ते" म्हणतात. "ते" म्हणजे कॅन्सर, एवढं बारावी नापासालाबी कळतं.

तू जंतूंची डॉक्टर होऊन राह्यलीस, कॅन्सरची न्हाई. पण आमच्या गल्लीत दुसरं आहे कोण. खरं काय ते सांग. आधी शिव्या देऊन मंग शेजारी जेवायला बसवणारा या घरात मला तेवढा एकच माणूस आहे.

श्रेयांस

---

नागपूर
१३ सप्टेंबर

श्रेयांस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना थाप कुठे आहे ते शोधत होते. राग मानू नकोस, ही सवय मला तूच लावलीस.

आबांना फोन केला. ते म्हणाले, हीरालाल खरंच खंगलाय. पण तू त्यांना साखरेचे पेढे चोरून आणून देतोस, त्यामुळे तुझ्या बाबतीत आबांची साक्ष मी धरत नाही. आजारपणावर एकदा खोटं बोललं की पुढच्या वेळी कागद लागतो. सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स पाठव. पहिल्या पानापासून, डॉक्टरांनी हाताने लिहिलेलीसुद्धा.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की अजून माझं डोकं फिरतं, शिवाय लॅबमध्ये फोन नेता येत नाही. पत्र खोलीवर येऊन पडतं, मी शांतपणे वाचते. आणि एक लक्षात ठेव, मी अजून शिकते आहे. इथे बसून मी निदान करणार नाही. फक्त वाचीन आणि प्रश्न विचारीन.

काकूंना नमस्कार.

भार्गवी

---

जालना
१७ सप्टेंबर

ताई,

सोबत एकोणीस पानं. झेरॉक्सवाल्यानं विचारलं कुणाचे रिपोर्ट, मी म्हणलं म्हशीचे. तो म्हणे म्हशीला एमआरआय कसा केला. मी म्हणलं आडवी पाडून. त्यानं दोन पानं फुकट काढून दिली.

सुई घालून मणक्यातला तुकडा काढला, त्याचा रिपोर्ट पान चौदावर आहे. मला त्यातलं एकच कळलं, की त्यांना काही कळलं न्हाई. डॉक्टर म्हणाले दुसऱ्यांदा तुकडा काढू. पण म्हणताना पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर खांद्यावर हात ठेवू लागला की लोक समजून जातात. कालपासून समाजातले लोक भेटायला येऊन राह्यले. येताना नारळपाणी आणतात आणि जाताना डोळे पुसतात. बडे पापा त्यांनाच धीर देतात. बडी मम्मी सगळ्यांना चहा करते आणि कोणाशी काही बोलत न्हाई.

त्यांना हसवायचं माझं एकच औषध आहे, कारभारीचा किस्सा. तुला सांगितला नव्हता. बदनापूर रोडला आमची गोशाळा आहे ना, बावीस गाईंची, बडे पापा जिला लेकरासारखं जपतात, तिथं कारभारी नावाचा गडी आहे. उन्हाळ्यात गवरी गाय आडली. डॉक्टर वेळेवर आला न्हाई. बडे पापांनी बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात घातला आणि वासरू ओढून काढलं. मेलेलं निघालं. दोन महिन्यांत तिसरं वासरू गेलं. कारभारी म्हणे नजर लागली. मंग मी गवरीच्या चाऱ्यात मोबाईल लपवला, त्यात माझ्या बहिणीकडून, पलककडून, भरून घेतलेला आवाज: "कारभारी, पेंड कमी टाकून राह्यलास तू." कारभारी हात जोडून खाली बसला. आठ दिवस गवरीला दुप्पट पेंड मिळाली. बडे पापांना हे कळलं तव्हा त्यांनी मला चपलेनं मारलं आणि मारता मारता इतके हसले की चप्पल हातातून सुटली.

काल हा किस्सा सांगितला. हसले, मंग कळ आली म्हणून थांबले.

जल्दी वाच.

श्रेयांस

---

नागपूर
२१ सप्टेंबर

श्रेयांस,

एकोणीस पानं वाचली. पण मला जे हवं होतं ते विसाव्या पानावर सापडलं, म्हणजे तुझ्या पत्रात.

आमच्या भावना मॅडम दहा वर्षांपासून एक नोंदवही ठेवतात. चेहरा बदलून येणारे आजार. बोट सुजलं म्हणून आलेला शिंपी, नखुरडं समजून महिनाभर मलम लावत होता, त्याच्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला आणि तो बोटापर्यंत पोचला होता. एका बाईच्या पोटात गाठी होत्या, घरच्यांनी निरोप घ्यायला नातेवाईक बोलावले, तो निघाला टीबी, आणि ती बाई आज भाजीचा गाडा लावते. कॅन्सर कधी जंतूचं सोंग घेऊन येतो, कधी जंतू कॅन्सरचं. मॅडम म्हणतात, सोंग ओळखायचं तर तपासणीइतकंच पेशंटच्या गप्पांकडे लक्ष द्या.

गाईंची वासरं लागोपाठ मरून पडतात त्याला एक कारण जंतू असतो. तो जंतू माणसाला लागला तर संध्याकाळचा ताप, घाम, वजन उतरणं, आणि मणक्यात शिरला तर एमआरआयवर काकांसारखेच डाग. ही नुसती शक्यता आहे. पण हा आजार औषधाने बरा होतो, म्हणून शक्यता सोडायची नाही.

हा जंतू दोन वाटांनी येतो. एक, गाय विताना उघड्या हातांनी मदत केली तर. दोन, कच्च्या दुधातून. पान तीनवर डॉक्टरांनी विचारलेलं दिसतं. त्यांनी लिहिलंय: "जनावरांशी संबंध नाही. कच्चं दूध घेत नाहीत."

पहिलं तर चूकच आहे, हे तुझ्या किश्श्यावरून कळलं. दुसरं खरं आहे का? घरी नीट विचार. आणि डॉक्टरांना वासराचं कोणी का सांगितलं नाही?

भार्गवी

---

जालना
२४ सप्टेंबर

प्रिय भार्गवीताई,

सादर नमस्कार. तुझे पत्र मिळाले. वाचून आनंद झाला.

डॉक्टरांनी विचारले की घरी जनावरे आहेत का. घरी जनावरे नाहीत, गोशाळेत आहेत, म्हणून सगळे नाही म्हणाले. वासराचे कोणाच्या लक्षात आले नाही.

दुधाबद्दल. आमच्या घरात कच्चे दूध कोणी पीत नाही. आमच्यात दूध काढल्यापासून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत गाळून उकळावे लागते. त्याच्या नंतर ते अशुद्ध होते. बडी मम्मी घड्याळ लावून उकळते. तू स्वतः पाहिले आहेस. त्यामुळे दुधाचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्यांदा तुकडा काढायला बडे पापांनी नाही म्हटले आहे. ते म्हणतात हे माझ्या कर्माचे फळ आहे, मला भोगू द्या, आता सुया नको आणि दवाखाना नको. त्यांनी दुकानाच्या किल्ल्या पप्पांना दिल्या आणि मंदिराच्या ट्रस्टचा राजीनामा लिहून ठेवला. सर्वजण समजावत आहेत. ते ऐकत नाहीत.

कळावे.

तुझा भाऊ,
श्रेयांस

---

नागपूर
२८ सप्टेंबर

श्रेयांस,

तुझं पत्र समोर ठेवून बसले आहे. अक्षर सरळ. एकही खाडाखोड नाही. "सादर नमस्कार" आणि "कळावे". एकदाही "राह्यलो" नाही. तू मला आजवर लिहिलेलं सगळ्यात शुद्ध पत्र आहे हे.

आठवीत तू सहामाहीला आजारी असल्याची चिठ्ठी वडिलांच्या नावाने लिहिली होतीस, तीही अशीच होती. त्या चिठ्ठीवरून मास्तरांनी तुला पकडलं.

काय लपवतोयस ते मी विचारणार नाही. एवढंच सांगते. मागच्या वर्षी आमच्याकडे एक माणूस दोन महिने तापाने पडून होता. सगळ्या तपासण्या झाल्या. त्याच्या बायकोला कारण माहीत होतं, पण ते सांगितलं तर सासरचे काय म्हणतील म्हणून ती गप्प राहिली. तिने सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. ती वाईट बाई नव्हती. ती नवऱ्याची इज्जत सांभाळत होती.

काकांना कॅन्सरच असेल, तर तुझ्या खऱ्याने काही बिघडणार नाही. पण कॅन्सर नसेल, तर तुझ्या खोट्याने ते जातील.

भार्गवी

---

जालना
१ ऑक्टोबर

ताई,

तुझी शेवटची ओळ वाचली आणि गोदामात जाऊन बारदानावर बसलो. दोन तास तिथंच होतो. पप्पांना वाटलं झोपलो.

लिहितो.

सात साल झाले, बडे पापांनी महाराजांच्या समोर, अख्ख्या समाजासमोर नियम घेतला, की सकाळी देवदर्शन झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालणार न्हाई. लोकांनी हार घातले. त्याच साली ट्रस्टचे अध्यक्ष झाले. आता ऐक. ते रोज सव्वापाचला गोशाळेत जातात. स्कूटीवर मी नेतो. कारभारी धार काढतो, आणि बडे पापा तांब्याभर दूध तिथंच उभ्यानं पितात, फेसासकट, गरम गरम. लहानपणापासूनची सवय आहे, हसनाबादला त्यांच्या आजोळी लागलेली. नियम घेतला आणि सवय सुटली न्हाई. दर्शन सातला.

मला म्हणायचे, "श्रेयांस, अठ्ठेचाळीस मिनिटं न्हाई झाली, दूध तर शुद्धच आहे. चुकलं तेवढं वेळेचं चुकलं." आणि मंग दिवसभर तोंड पाडून बसायचे.

मी चिडवायचो. म्हणायचो, बडे पापा, समाजाला सांगू का. ते दहा रुपये द्यायचे. नंतर नंतर मी पैसे घेणं सोडलं, कारण त्यांना खरंच भ्या वाटायचं.

आता खराब भाग. ऑगस्टमधी ते आडवे पडले. मला जवळ बोलावून म्हणाले, तोंडाला चव न्हाई, तेवढं दूध आण. तव्हापासून रोज मी आणतो. गोशाळेतून मस्तगड, स्कूटीवर एकवीस मिनिटं. बडी मम्मी मंदिरात गेली की देतो. म्हणजे ताई, ते पडल्यावरबी मीच पाजत राह्यलो. तुझं एकवीस तारखेचं पत्र वाचल्यावरबी तीन दिवस पाजलं, कारण एकदम बंद केलं तर ते विचारतील का. मंग बंद केलं. सांगितलं गाय आटली.

डॉक्टरांनी विचारलं तव्हा खोलीत पप्पा होते, ट्रस्टचे दोन लोक होते. बडे पापा न्हाई म्हणाले. मीबी न्हाई म्हणालो. घरी आल्यावर त्यांनी देवाच्या फोटोसमोर मला नियम दिला, की ही गोष्ट तोंडातून काढायची न्हाई.

तोंडातून म्हणाले. हाताचं काही बोलणं झालं नव्हतं.

त्यांना बिलकुल पक्कं वाटतं, की नियम मोडला म्हणून हे झालं. म्हणून सुई नको म्हणतात. आता काय करू सांग. मी उद्या घरात उभा राहून सांगितलं तर बावन्न माणसं आधी हसतील.

श्रेयांस

---

नागपूर
४ ऑक्टोबर

श्रेयांस,

हे पत्र काकूंना, म्हणजे तुझ्या बडी मम्मीला दे. कुणाला विचारू नकोस, समजावत बसू नकोस, त्यांच्या हातात दे.

काकू, मी भार्गवी, वामनरावांची नात. काकांच्या डॉक्टरांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, काकांनी उन्हाळ्यात विणाऱ्या गाईला उघड्या हातांनी सोडवलं. दोन, गोशाळेत तीन वासरं मेलेली जन्मली. तीन, काका वर्षानुवर्षं न उकळलेलं दूध घेत आले आहेत. एवढं ऐकल्यावर कोणती तपासणी करायची ते डॉक्टरांना कळेल. आधी नुसतं रक्त लागेल, सुई मणक्यात नाही. रक्त लॅबला देताना संशय कशाचा आहे ते आधी सांगायला लावा, कारण हा जंतू हळू वाढतो आणि तपासणाऱ्यालाही लागू शकतो.

हे काकांना कमीपणा आणायला लिहीत नाही. मी चुकीचीही असेन. पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

आपली,
भार्गवी

---

जालना
१२ ऑक्टोबर

ताई,

दिलं.

बडी मम्मी ओट्याजवळ उभी होती. चष्मा लावून सगळं वाचलं. मी स्वयंपाकघराच्या दारात, पळायला सोपं जावं म्हणून एक पाय बाहेर. वाचून झालं, घडी केली, ब्लाउजमधी ठेवली. मला म्हणे, "कधीपासून म्हाईत आहे तुला?"

मी म्हणलं, सात साल.

म्हणे, "मला सात साल आणि एक दिवस. पहिल्याच दिवशी मिशीला फेस लावून आल्ते."

मी म्हणलं, मंग बोलली का न्हाईस.

"माणूस सगळ्या गावात मान वर करून फिरतो. घरात त्याची मान मी खाली करू? रोज वाटायचं उद्या आपणच सोडतील. डॉक्टरनं विचारलं तव्हा मीच आधी न्हाई म्हणलं." मंग तिनं गॅस बंद केला. भाजी अर्धी कच्ची होती. "चप्पल घाल," म्हणे, "संभाजीनगरला जायचं."

मी, बडी मम्मी, पप्पा. डॉक्टरांच्या खोलीत बडी मम्मी खुर्चीवर बसली न्हाई. उभ्यानं सांगितलं. वासरू, दूध, नियम, सगळं. पप्पा तिच्याकडं बघत राह्यले, तोंड उघडं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, पान तीन काढलं, आणि त्या दोन ओळींवर काट मारली. रागावले न्हाईत. भला माणूस आहे. म्हणाले आजच रक्त घेऊ, आणि लॅबला मी स्वतः फोन करतो.

घरी येऊन बडी मम्मीनं बडे पापांना सांगितलं, दार लावून. वीस मिनिटं. बाहेर आली तर डोळे लाल, पण पदर नीट. म्हणे, रक्त द्यायला तयार आहेत.

मंग मला आत बोलावलं. बडे पापा छताकडं बघून म्हणाले, "तू बोललास?"

"बोललो न्हाई. लिहिलं."

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. आज पाचवा दिवस आहे, माझ्याशी एक शब्द न्हाई. पाणी मागायचं असलं तरी पलकला हाक मारतात. मी बाजूला बसलेला असतो. चपलेनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

रक्त गेलं आहे. रिपोर्टची वाट बघून राह्यलो.

श्रेयांस

---

नागपूर
२२ ऑक्टोबर

श्रेयांस,

मॅडमनी काकांच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं, काल त्यांनी स्वतः मॅडमना फोन केला. रक्तात त्या जंतूची खूण ठळक दिसते आहे, आणि मणक्याचा पहिला तुकडा पुन्हा तपासला, त्यातही कॅन्सरच्या पेशी नाहीत. औषध सुरू झाल्याचं तुलाही कळलं असेल. सुरुवातीला इंजेक्शनं, आणि गोळ्या तीन महिने. एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. मणका सावकाश भरेल, घाई करू नका.

तू आणि कारभारी, दोघांनीही रक्त तपासा. गोशाळेत जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

पुढचं काकांना वाचून दाखव. तुझ्याशी बोलत नसतील तरी कान उघडे असतात.

काका, तुम्हाला वाटतं नियम मोडला म्हणून हे झालं. मी रोज या जंतूंबरोबर असते. त्यांना घड्याळ कळत नाही आणि मंदिरही कळत नाही. हेच दूध तुम्ही दर्शनानंतर प्यायला असतात तरी आजार झाला असता. उकळून दर्शनाआधी प्यायला असतात तर दुधातून झाला नसता. नियमाचं काय ते तुमचं आणि देवाचं आहे, त्यात मी पडत नाही. मणक्याचं मात्र गोळ्यांवर सोपवा.

आणि श्रेयांसवर रागवायचं असेल तर गोळ्या घेऊन रागवा.

भार्गवी

---

जालना
५ जानेवारी २०२६

ताई,

दिवाळीनंतर लिहिलंच न्हाई, कारण लिहायला फुरसत न्हाई. बडे पापा चालून राह्यले. पहिले पलंगापासून दारापर्यंत, मंग गॅलरीपर्यंत, आता काठी घेऊन दुकानापर्यंत येतात आणि गल्ल्याशेजारी बसून माझी प्रत्येक गाठ चुकीची आहे म्हणून सांगतात. ताप गेला. सात किलो परत आले, काटा मीच लावला.

तुझं पत्र मी वाचून दाखवल्तं. शेवटची ओळ ऐकून तोंड भिंतीवरून माझ्याकडं वळवलं. मंग म्हणाले, "गाय आटली म्हणून सांगत होतास ना रे. गवरी. साला, एक गवरी आटली तर बाकीच्या एकवीस गाई कुठं गेल्या. मी तव्हाच समजलो तू खोटं बोलून राह्यला." तो पहिला शब्द. मी इतका खूश झालो की त्यांच्या गोळ्यांचं पाकीट उलटं धरलं, सगळ्या गोळ्या पलंगाखाली.

त्यांनी राजीनामा मात्र मागं घेतला न्हाई. मंदिरात जाऊन महाराजांना सगळं सांगितलं. महाराजांनी प्रायश्चित्त दिलं आणि म्हणे, झेपेल एवढाच नियम घ्यावा. समाजात दोन दिवस चर्चा झाली. मंग कोणाच्या तरी लग्नात पनीर कमी पडलं आणि लोक तिकडं लागले.

माझं रक्त साफ. मी दुधाचा कधी शौकीन नव्हतो, मी कचोरीवाला. कारभारीला मात्र निघालं, त्यालाबी गोळ्या चालू आहेत. त्याचे गुडघे सालभर दुखून राह्यल्ते, बिचारा वय झालं समजत होता. गोशाळेत डॉक्टर येऊन गेले, पाच गाई वेगळ्या बांधल्या, कालवडींना इंजेक्शन दिले. गाय विताना आता कोपरापर्यंत मोजे घालायचे. आणि बडी मम्मीनं गोशाळेतच शेगडी बसवली. दूध तिथंच उकळतं, कोणाला थेंब कच्चा मिळत न्हाई, तिच्या नवऱ्याला तर बिलकुल न्हाई.

तू लिहिलंस की तुमच्या मॅडमना ही केस मासिकात छापायची आहे आणि बडे पापांची सही लागते. सही केली आहे, सोबत पाठवतो. नाव, गाव टाकायचं न्हाई असं तूच लिहिल्तं, त्याला ते हो म्हणाले. पण त्यांची एक अट आहे. दूध अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आतलं होतं हे छापून आलं पाहिजे. मी म्हणलं बडे पापा, अमेरिकेतले डॉक्टर वाचतील, त्यांना काय करायचं. ते म्हणे, "त्यांना बी कळू दे, हीरालाल शिळं पीत नव्हता." मी म्हणलं, नाव तर छापायचंच न्हाई. ते म्हणे, "मंग काय झालं. मला म्हाईत आहे ना कोण ते."

श्रेयांस

---

नागपूर
१२ जानेवारी

श्रेयांस,

सही मिळाली. मॅडम अट ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, ठेवा, उलट कामाचीच माहिती आहे, दूध काढल्यावर किती वेळात प्यायलं ते. काकांना सांग, मिनिटांसकट छापतो आहोत.

अजून एक. अशा लेखात पेशंटची माहिती कुणी दिली ते लिहायचं असतं, आणि माहिती देणारा कितपत भरवशाचा वाटला तेही. मॅडमनी विचारलं, माहिती कुणी दिली? मी म्हटलं, पुतण्याने. म्हणाल्या, भरवशाचा आहे का? माझ्या डोळ्यासमोर जुलैतली बस आली आणि पोहे खाणारे आबा आले. मग एक ऑक्टोबरचं तुझं पत्र काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी सगळं वाचलं. चष्मा काढला, पुसला, आणि स्वतःच्या हाताने मसुद्यात ओळ घातली.

मराठीत सांगते: "रुग्णाविषयीची माहिती त्याच्या वीस वर्षांच्या पुतण्याकडून मिळाली. माहिती देणारा विश्वासार्ह."

मसुदा सोबत आहे. घरी दाखव.

भार्गवी

---

जालना
२१ जानेवारी

ताई,

मसुदा आला तव्हा मी उधारीवर कासरे नेणाऱ्या एका गिऱ्हाइकाशी भांडून राह्यल्तो. पाकीट बडे पापांनी फोडलं. ती ओळ तू पेन्सिलनं मराठीत लिहिल्ती, ती त्यांनी दुकानात मोठ्यानं वाचली. पप्पा म्हणाले पुन्हा वाचा. पुन्हा वाचली. गिऱ्हाईक म्हणे, हा कोण पुतण्या? मी मागं गोदामात गेलो, तिथं काही काम नव्हतं.

काल तीन महिने झाले म्हणून संभाजीनगरला तपासायला गेल्तो. सगळेच आले, सहल असल्यासारखे. नवीन फोटोत मणका भरून राह्यलाय, डॉक्टरांनी बोट लावून दाखवलं. मंग त्यांनी विचारलं, "तीन महिन्यांत गोळी चुकली का कधी?"

बडे पापांनी तोंड उघडलं. बडी मम्मीनं त्यांच्या आधी उघडलं. मंग दोघंबी थांबले. पप्पाबी थांबले. आणि तिघंबी मान वळवून माझ्याकडं बघू लागले. डॉक्टरनं त्यांचं बघून माझ्याकडं बघितलं, पेन तयार.

ताई, आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की माझ्यावर सगळ्यांची नजर आहे आणि मी काहीच केलेलं न्हाई.

मी म्हणलं, "दोन चुकल्या. एक दिवाळीत, एक संक्रांतीला. संक्रांतीची त्यांनी तिळाच्या लाडवाखाली लपवल्ती."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. बडे पापांनी काठीनं माझ्या पायावर टोला दिला, बऱ्यापैकी जोरात. हातात आता ताकद आली आहे.

श्रेयांस